हा नंबर अजून तुमचाच आहे का?

माझ्याच नंबरावर मी फोन लावला, आणि तो एका पुरुषाने उचलला.

"बोला," तो म्हणाला. मागे काहीतरी लोखंडी घरघरत होतं.

चार वर्षांपूर्वी सोडून दिलेला नंबर कुणीतरी उचलणारच, एवढी अक्कल मला होती. तरी त्याचा आवाज ऐकून मला उगाचच राग आला. जुन्या घरी जावं आणि आपल्या खुर्चीत कुणीतरी पाय पसरून बसलेलं दिसावं, तसा.

"हे बघा, हा नंबर आधी माझा होता," मी म्हणाले. "तुमच्याकडे आत्ता एक मेसेज आला असेल. सहा आकडे आहेत. तेवढे वाचून दाखवता का?"

घरघर थांबली.

"ताई," तो फार प्रेमाने म्हणाला, "सकाळपासून दुसरं कुणी सापडलं नाही का?"

"म्हणजे?"

"ओटीपी कुणाला सांगू नये हे आता शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. मागच्या वर्षी आमच्या साहेबांनी एका गोड आवाजाला सांगितला. अजून त्यांच्यासमोर तो विषय काढता येत नाही."

"माझा आवाज गोड आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे... तुमचा तसा नाहीये."

मी फोनकडे बघतच राहिले. ओळख ना पाळख, आणि तोंड बघा याचं!

झालं होतं असं. माझे बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, झालंच तर 'कुत्र्यापासून सावध राहा'च्याही. लहानपणी मी त्यांच्या मागे मागे शिडी धरायला जायची. सगळ्या गल्लीला वाटायचं की या माणसाला एक जास्तीचा अवयव आहे. पुढे कॉलेजात असताना मी एक खातं उघडलं सोशल मीडियावर, आणि दर रविवारी बाबांच्या एका पाटीचा फोटो त्यावर टाकायला लागले. फोटो माझा, खालची ओळ बाबांची. 'या डॉक्टरांनी पाटीचे तीन मजकूर बदलले, औषध मात्र एकच देतात' – असलं काहीतरी ते सांगायचे, मी टाइप करायची. तीनशे अकरा पाट्या झाल्या होत्या.

मग मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. मी कवळ्या बनवते. दातांच्या लॅबमध्ये बसून लोकांचं हसू मेणात कोरायचं, हा माझा धंदा. नवं शहर, नवा नंबर. खातं मागे पडलं. फोटो होते तो फोन एक दिवस वितळलेल्या मेणाच्या भांड्यात पडला, आणि गेला. भिंतींवरच्या पाट्या तर कधीच उतरल्या होत्या. त्यांच्या जागी छापील प्लास्टिक आलं होतं.

आणि आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले.

मी दहा दिवसांची रजा काढून आले होते, त्यांची राहायची आणि रंगकामाची खोली रिकामी करून घरमालकाला किल्ली द्यायला. त्याच दिवशी ईमेल आला: आपलं खातं दीर्घकाळ वापरात नाही, तीस तारखेनंतर ते कायमचं काढून टाकण्यात येईल. बाबांनी आयुष्यभर रंगवलेलं सगळं आता त्या एका खात्यात होतं, आणि पासवर्ड मला आठवत नव्हता. तो बाबांनी ठरवला होता. "असा शब्द ठेवू की जो आपण कधी विसरणार नाही," म्हणाले होते. आम्ही दोघंही विसरलो.

खातं पुन्हा उघडायची वाट एकच उरली होती. सहा आकड्यांचा कोड, तोही जुन्या नंबरावर.

हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं. म्हणजे भांडल्यासारखं सांगितलं.

"पाट्या," तो शेवटी म्हणाला. "कोपऱ्यात हा नंबर घालायचे, ते?"

"तेच. बाबांकडे मोबाइल नव्हता, म्हणून माझा नंबर घालायचे. तुम्हाला कसं माहीत?"

"जुन्या वहीतून नंबर काढून लोक अजून फोन करतात ना मला. पाटी रंगवून द्या म्हणून. बरं... एक प्रश्न विचारतो. तुमचे बाबा तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?"

"हा काय प्रश्न झाला? आणि तुम्हाला उत्तर कसं कळणार?"

"मला उत्तर माहीत आहे. तुम्ही सांगा."

काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा मी एका परक्या माणसाला ते नाव सांगितलं.

"शेपूट."

पलीकडे काहीतरी लोखंडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"खूप उशीर केलात हो," तो हळूच म्हणाला. मग त्याने आकडे वाचून दाखवले. मी ते घातले, तर स्क्रीन म्हणाली, कोडची मुदत संपली आहे. आमच्या भांडणात दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी मुहूर्त पाहून बसले. फोन केला, तो "तयार आहे" म्हणाला, मी बटण दाबलं, आणि कोड आलाच नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा दाबल्यावर स्क्रीनने सांगितलं की आता चोवीस तास थांबा.

"कुठे आहात तुम्ही?" मी वैतागून विचारलं.

"तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे."

"म्हणजे जिन्यात?"

"लिफ्टच्या शाफ्टमध्ये. लिफ्ट दुरुस्त करतो मी. इथे आवाज कसाबसा पोचतो, मेसेज नाही पोचत."

"मग तयार आहे कशाला म्हणालात?"

"तुम्ही इतक्या जोरात विचारलंत, की नाही म्हणायचा धीर झाला नाही."

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्याला ऐकू गेलं असावं. "हसलात तर चालतं," तो म्हणाला. "इथे दुसरं कुणी नाहीये."

चोवीस तास थांबायचंच होतं, म्हणून आम्ही जरा बोललो. जरा म्हणजे... आत्याचा चहा दोनदा गार झाला. मी आत्याकडे उतरले होते. ती बाबांची मोठी बहीण, तिच्या कानातून काही सुटत नाही. त्याने सांगितलं की लिफ्ट अडकली की आतली माणसं आधी त्याला शिव्या देतात, सुटली की मिठी मारतात. मी सांगितलं की कवळी बसली की म्हातारी माणसं आधी आरशात बघत नाहीत, आधी काहीतरी चावतात. त्याने विचारलं, माझे स्वतःचे दात खरे आहेत का. मी म्हटलं, भेटल्याशिवाय ते सांगता येणार नाही. आणि मग मीच गप्प झाले. हे मी काय बोलले?

"मेसेज वाचायला तास लागतो का गं?" आत्याने विचारलं.

"रेंज नाही त्याला."

"दिसतंय. चेहऱ्यावर पुरेपूर आहे रेंज."

तिसऱ्या दिवशी तो गच्चीवर उभा राहिला होता, खास रेंजसाठी. बारीक पाऊस होता, त्याच्या फोनवर थेंब पडल्याचं मला ऐकू येत होतं. मी बटण दाबणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा. आधी एक सांगायचंय. नंतर सांगितलं तर बरं नाही दिसणार."

"सांगा ना."

"तुमचे बाबा मला फोन करायचे. रोज. संध्याकाळी सहाला."

मी बटणावरचं बोट उचललं.

"त्यांना हाच नंबर पाठ होता," तो सांगू लागला. "पहिल्यांदा म्हणाले, 'शेपूट आहे का?' मला वाटलं, कुणाची तरी थट्टा चाललीय. राँग नंबर म्हटलं तर माफी मागायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला. मी तुमचा नवा नंबर मागितला, तर त्यांनी हाच सांगितला. मग एक दिवस त्यांनी विचारलं... 'जेवलीस का वेळेवर?' फार काळजीने विचारलं हो. माझ्या तोंडून निघून गेलं."

"काय निघून गेलं?"

"हो, जेवले."

तो पुढे सांगत राहिला.

"ते म्हणाले, 'घसा बसलाय तुझा, गरम पाणी पी.' मग रोजच... मी जेवले, मी दमले, मी कामावरून आले. साथीदार हसायचे मला. पण ते फोन ठेवायचे तेव्हा त्यांचा आवाज छान असायचा. वर्षभर चाललं. मग फोन यायचे बंद झाले. मी खोलीवर गेलो तर कुलूप. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं."

मला आता कळतं की त्या क्षणी मी त्याचे आभार मानायला हवे होते. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दर रविवारी फोन करायची बाबांना. दर रविवारी! ते "सगळं ठीक आहे" म्हणायचे आणि मी खुशाल विश्वास ठेवायची. त्यांना विसर पडतोय हे मला कुणी सांगितलं नाही, आणि एक परका माणूस रोज सहाला माझी जागा घेऊन बसला होता. नुसता नंबर नाही, माझे बाबासुद्धा त्याने वापरले.

"तुम्हाला कुणी अधिकार दिला?" मी म्हणाले. "माझ्या नावाने माझ्या बापाशी खोटं बोलायचा?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

मी फोन ठेवला. भांडणाऱ्याने निदान उलट तरी बोलावं. हा माणूस तेवढंही करत नव्हता.

दोन दिवस मी फोन केला नाही. त्याचाही आला नाही. सत्तावीस गेली, अठ्ठावीस गेली. खोलीतले वाळलेले ब्रश, टर्पेंटाइनच्या बाटल्या, अर्धे डबे, सगळं मी रागारागाने पोत्यात भरलं. उरल्या त्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या काही फळ्या. कोऱ्या, भुऱ्या. गेल्या वर्षी मी दोनदा येऊन गेले तेव्हाही त्या अशाच होत्या. नव्या कामासाठी कापून ठेवल्या असतील, असं मला वाटलं होतं. एकोणतीसला दुपारी मी पहिली फळी खिळ्यावरून काढली, आणि ती हातात उलटी झाली.

मागच्या बाजूला, बाबांच्या सुंदर ठसठशीत अक्षरात, निळ्यावर पांढरं:

'गॅस बंद कर. पुन्हा बघ.'

दुसरी फिरवली. 'चष्मा कपाळावर असतो.'

तिसरी. 'आज रविवार असेल तर शेपटाचा फोन येईल. तिला म्हणायचं – सगळं ठीक आहे.'

मी खाली बसले. त्यांना सगळं माहीत होतं. आपण विसरतोय हे कळल्यावर त्या माणसाने डोक्याला हात लावला नाही, ब्रश घेतला. आणि मी किंवा आणखी कुणी येणार असलं की ते सगळ्या पाट्या भिंतीकडे तोंड करून टांगायचे; शेवटच्या वेळी त्या सरळ करायच्या राहून गेल्या असाव्यात. मी ज्या भिंतीखाली बसून दोनदा चहा प्यायले, त्याच भिंतीवर सगळं लिहिलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

शेवटची फळी खोलीतल्या जुन्या फोनच्या अगदी वर होती. तिच्यावर कडेला बारीक वेलबुट्टी काढलेली. ती ते खास गिऱ्हाइकालाच काढायचे.

'सहा वाजता फोन.
नंबर शेपटाचा. उचलतो तो लिफ्टवाला.
खोटं बोलतो, पण जीव लावतो.
शेपटाला सांगू नये. नोकरी सोडून धावत येईल.'

मी खूप रडले. लिहायला लाज वाटत नाही मला, हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसले, तोंड धुतलं आणि घड्याळाकडे बघत बसले. सहा वाजले तशी बाबांच्या त्या जुन्या फोनचा रिसीव्हर उचलला. लाइन अजून चालू होती. स्वतःचा नंबर फिरवायला मला कागद लागला नाही.

त्याने पहिल्याच रिंगला उचलला. आठ महिन्यांनी त्याच्या स्क्रीनवर तो नंबर आला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"जेवलीस का वेळेवर?" मी विचारलं.



"हो..." त्याचा आवाज फुटला. "हो, जेवले."

"घसा बसलाय तुझा," मी म्हणाले. "उद्या ये इकडे. गरम पाणी देते."

तीस तारखेला सकाळी तो आला. ते दार पावसाळ्यात फुगतं, वर उचलून ढकलावं लागतं. नव्या माणसाला ते कधी उघडत नाही. बाहेरून कुणीतरी ते अलगद वर उचललं, आणि मला कळलं की हा नुसत्या कुलपापर्यंत नाही, आधी आतही येऊन गेलाय.

उंच होता. दारात वाकून आला. केसांवर पावसाचे थेंब, नखांत काळं ग्रीस, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्याच्या आवाजावरून मी जो चेहरा मनात ठरवला होता, त्यापेक्षा हा बराच लाजाळू निघाला. माझ्याकडे बघायचं सोडून तो भिंतीकडे बघत राहिला. मी सगळ्या पाट्या सरळ करून टांगल्या होत्या.

त्याने शेवटची वाचली. दोनदा वाचली.

"त्यांना माहीत होतं?"

"तुला अभिनय येत नाही, दुसरं काय," मी म्हणाले. तुम्हीवरून तूवर कधी आले, माझं मलाच कळलं नाही.

तो मान खाली घालून हसला. मग त्याने ते वर्तमानपत्र सोडलं. आत हातभर लांबीची पाटी होती, पिवळ्यावर काळी: 'लिफ्ट दुरुस्तीला घेतली आहे. रागावू नका, जिना तुमचीच वाट बघतोय.' आणि कोपऱ्यात नेहमीसारखा नंबर.

"लोक बंद लिफ्टची बटणं दाबत राहतात, असं मी एकदा फोनवर बोलून गेलो," तो म्हणाला. "तर म्हणाले, रविवारी ये. आलो तर ओळखलं नाही. 'कोण तू?' म्हणाले. लिफ्टवाला, म्हटलं. पाटी झाल्यावर सवयीने नंबर घातला. मी म्हटलं, काका, हा माझाच नंबर आहे. तर माझ्याकडे बघून इतके खूश झाले... म्हणाले, 'असं का? माझ्या मुलीचाही हाच आहे.'"

मी खिडकीकडे तोंड केलं. त्याने मला वेळ दिला. मग घसा खाकरून म्हणाला, "कोड मागवायचा ना? आज शेवटचा दिवस आहे."

आम्ही बाबांच्या लाकडी खोक्यावर शेजारी शेजारी बसलो. मी बटण दाबलं. त्याचा फोन त्याच्या गुडघ्यावर, माझा माझ्या. मिनिट गेलं. दोन गेली. मी श्वास धरला होता, आणि त्याने माझा हात. कुणी आधी धरला यावर आमचं एकमत नाही.

मग त्याचा फोन थरथरला.

"ओटीपी कुणाला सांगू नये," तो म्हणाला.

"मार खाशील."

त्याने एकेक आकडा वाचला, मी घातला. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली... आणि एकाखाली एक पाट्या उतरू लागल्या. पिठाची गिरणी. वाचनालय. डोळ्यांचा दवाखाना. प्रत्येकीखाली बाबांची एकेक ओळ. तीनशे अकराच्या तीनशे अकरा. एका फोटोत शिडीची सावली पडली होती आणि शिडीखाली माझी.

"ही शेपूट का?" त्याने सावलीवर बोट ठेवून विचारलं.

"हीच."

त्याच्या पाटीचा फोटो मी तिथेच काढला आणि वर चढवला. तीनशे बारा. खाली काय लिहायचं ते सांगायला या वेळी कुणी नव्हतं. त्याला विचारलं, तर लाजून म्हणाला, "लिही... पोचली एकदाची." तेच लिहिलं.

नवा पासवर्ड ठरवला. तो मी इथे सांगणार नाही, कारण ते कुणाला सांगू नये, हे आता शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. एवढंच सांगते, की आम्ही दोघांनी मिळून ठरवला, आणि दोघांपैकी एकाला तरी तो आठवत राहील.

सगळं झालं असं वाटलं, तेवढ्यात स्क्रीनवर एक शेवटचा प्रश्न आला. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दाखवला होता, आणि खाली विचारलं होतं: हा नंबर अजून तुमचाच आहे का? हो. नाही, बदला.

परवा मला परत जायचं होतं. नोकरी तिकडे, नवा नंबर तिकडे. शहाण्या माणसाने 'बदला' दाबलं असतं.

त्यानेही तो प्रश्न वाचला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, आपल्या नखांतलं ग्रीस काढत होता. "बदलून टाक," तो म्हणाला. "उगाच पुन्हा अडकायला नको. मी कुठल्या मजल्यांच्या मधे असेन, काय सांगावं..."

"आणि मला संध्याकाळी सहाला कुणाशी बोलायचं असलं तर?"

त्याचा हात थांबला. त्याने वर बघितलं, आणि इतका वेळ चुकवलेलं सगळं बघणं एकदम बघून घेतलं.

मी 'हो' दाबलं.